मिथ्रसच्या भुयारी देवळात नक्की काय काय सापडतं?

नाणेघाट

मिथ्रस या रोमन देवावर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक एका चित्राभोवती फिरतं: टोकदार टोपी घातलेला तरुण बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून त्याला सुरा मारतोय. चित्र महत्त्वाचं आहेच. पण या पंथाचा स्वतःचा एकही ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. जे काही लिहिलेलं मिळतं ते बाहेरच्यांचं, त्यातही बरेच जण ख्रिस्ती विरोधक. म्हणून भिस्त जमिनीतल्या पुराव्यावर. सुमारे ४२० ठिकाणं, हजारेक शिलालेख आणि बैलवधाची सातशेच्या आसपास शिल्पं-चित्रं एवढा ऐवज हाताशी आहे. तो वाचायचा कसा, यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा. नेहमीचं रोमन देऊळ उंच चौथऱ्यावर, दर्शनी खांबांचं, आणि बळी देण्याची वेदी बाहेर उघड्यावर. मिथ्रियम, म्हणजे मिथ्रसचं देऊळ, याच्या अगदी उलट: बंद, अंधारं, शक्य तिथे जमिनीखाली. पंथातले लोक त्याला गुहाच म्हणत. खरी गुहा मिळाली तर ती, नाहीतर घराचं तळघर, कोठाराची कमानी खोली, स्नानगृहाखालचं भुयार. रोममध्ये कॅराकॅलाच्या स्नानगृहाखाली आहे ते सुमारे २३ मीटर लांब, पण ते अपवादात्मक मोठं. सान क्लेमेंते चर्चखालचं ९.६ बाय ६ मीटर आहे, साधारण माप तेच धरा.

आत शिरताना आधी एक छोटी खोली, मग बहुधा दोन-चार पायऱ्या खाली. मधून अरुंद वाट. दोन्ही भिंतींना लागून दीड ते दोन मीटर रुंद ओटे, भिंतीच्या बाजूला किंचित उतरते. वाटेकडच्या काठावर अरुंद कड, पेले आणि ताटल्या ठेवायला. लोक डाव्या कोपरावर रेलून जेवत, डोकं वाटेकडे, पाय भिंतीकडे. समोरच्या टोकाला कोनाडा आणि त्यात बैलवध. वीस ते चाळीस माणसं झाली की जागा भरली. मंडळी वाढली की देऊळ वाढवण्यापेक्षा दुसरं काढत असावेत, नाहीतर ओस्तियासारख्या बंदराच्या एका गावात दीड डझन मिथ्रियमं सापडली नसती.

गारगोटी

उत्तम धागा. एक शंका: ओटे तर रोमन जेवणघरातही असतात. मग नुसते ओटे सापडले तर हे मिथ्रियमच, असं कशावरून म्हणायचं?

खापरतुकडा

नुसत्या ओट्यांवरून म्हणायचं नाही. गल्लत इथेच होते.

रोमन जेवणघरात तीन बाजूंना ओटे असतात. मिथ्रियममध्ये दोनच, समोरासमोर, आणि तिसरी बाजू प्रतिमेसाठी मोकळी. पण दोन ओट्यांचं तळघर इतर मंडळांच्या बैठकीचंही असू शकतं. त्यामुळे पुराव्याची उतरंड लावावी लागते. देवाचं नाव असलेला लेख किंवा जागेवरच असलेला बैलवध मिळाला की प्रश्न मिटला. ते नसेल तर काउतेस आणि काउतोपातेस हे दोन मशालधारी शोधायचे. एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली. दोघेही बहुधा पायावर पाय टाकून उभे असतात, त्यामुळे गुडघ्याखालचा तुकडा जरी मिळाला तरी संशय घ्यायला जागा असते. त्यानंतर सापाची नक्षी असलेली भांडी, दिव्यासाठी मागून पोखरलेल्या वेद्या वगैरे. यातल्या किमान दोन गोष्टी ओट्यांसोबत एकाच थरात मिळाल्या तर ओळख पक्की धरता येते.

उलटी चूकही होते. बैलवधाचा दगड चर्चच्या किंवा घराच्या भिंतीत बसवलेला दिसतो आणि लोक म्हणतात, इथे मिथ्रियम होतं. चांगला घडवलेला संगमरवर लोक लांबून आणून वापरत. दगड त्या जागेचा पुरावा तेव्हाच, जेव्हा तो कोणत्या थरात मिळाला हे नोंदलेलं असतं.

सांजवात

बैलवध पाहताना नजर कुठे टाकायची ते थोडं सांगते, कारण संग्रहालयातले फलक यावर फार कमी बोलतात.

मिथ्रसचा डावा गुडघा बैलाच्या पाठीवर, उजवा पाय मागच्या खुरावर दाबलेला. डाव्या हाताने नाकपुड्या धरून बैलाचं तोंड मागे ओढलंय, उजव्या हातात सुरा. तोंड मात्र बैलाकडे नाही. तो मान वळवून वर डाव्या कोपऱ्यातल्या सूर्याकडे पाहतो. उजव्या कोपऱ्यात चंद्रदेवी. जखमेकडे झेपावणारा कुत्रा आणि साप, बैलाच्या वृषणांना डसलेला विंचू, उपरण्यावर किंवा जवळ कावळा, आणि शेपटीच्या टोकाला गव्हाच्या ओंब्या. ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या बाजूच्या शिल्पांत खाली सिंह आणि मोठा रांजणही येतो.

संग्रहालयात शिल्पाच्या मागे जाता येत असेल तर जरूर जा. फ्रँकफुर्टजवळच्या हेडर्नहाइमचा दगड दोन्ही बाजूंनी कोरलेला आहे आणि खिळीवर फिरेल असा बसवलेला होता. पुढे बैलवध, मागे मेलेल्या बैलाजवळ मिथ्रस आणि सूर्यदेव. म्हणजे विधीच्या मध्यावर दगड फिरवला की वधाच्या जागी मेजवानी दिसू लागे. ओट्यावरची माणसंही तेच करत होती, जेवत होती.

आणि हे सगळं रंगीत होतं. मारिनो (रोमजवळ) आणि सांता मारिया कापुआ व्हेतेरे इथल्या भित्तिचित्रांत ते अजून कळतं. मारिनोत मिथ्रसच्या झग्याचं अस्तर निळं आहे आणि त्यावर तारे काढलेत. दगडी शिल्पांवरचा रंग मात्र जुन्या काळी खसाखसा घासून धुण्यात गेला.

अश्विनौ

पण हा मिथ्रस म्हणजे आपला ऋग्वेदातला मित्रच ना? मितन्नी या उत्तर सीरियाकडच्या प्राचीन राज्याच्या राजाच्या इ. स. पूर्व चौदाव्या शतकातल्या करारात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची नावं एकत्र आहेत. तिथून इराण, इराणमधून रोम, अशी सरळ परंपरा दिसते की.

नाणेघाट

अश्विनौ, देवाचं नाव तिकडूनच आलं यात वाद नाही. पण नाव आलं म्हणजे पंथ जसाच्या तसा आला, हे सिद्ध होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रांत्स क्युमाँ या बेल्जियन विद्वानाने तुम्ही म्हणता तीच मांडणी केली आणि ती सत्तरेक वर्षं टिकली. १९७१ साली मँचेस्टरला मिथ्रस-अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे तिच्यावर मोठे प्रश्न उभे राहिले. सगळ्यात अवघड प्रश्न साधा आहे: अवेस्तातला मिथ्र बैल मारत नाही. पुढच्या पारशी ग्रंथांतही आदिबैलाचा घात करणारा अहरिमन आहे, म्हणजे दुष्ट शक्ती. शिवाय ओटेवाली गुहा आणि सात पायऱ्यांची, म्हणजे चढत्या सात दर्जांची, दीक्षा इराणात सापडत नाही. जमिनीतला सर्वांत जुना पुरावा इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीचा, आणि तो रोम, जर्मनी, डॅन्यूबच्या सीमेवर मिळतो. पूर्वेला दुरा-युरोपोस (आजच्या सीरियात) इथलं मिथ्रियम १६८ च्या सुमाराचं, ते पाल्मिराच्या तिरंदाजांनी काढलेलं. ते सैनिक रोमच्याच फौजेतले.

मिथ्र देवाची अखंड चालत आलेली पूजा बघायची तर ती पारशी समाजात आहे. मुंबईत अग्यारीला दर-ए-मेहेर म्हणतात, त्यातला मेहेर तोच. पारशी महिन्याचा सोळावा दिवस मेहेरचा. या परंपरेचा गुहेतल्या बैलवधाशी मात्र संबंध जोडता येत नाही.

खापरतुकडा

सहमत. आता माझ्या आवडत्या जागेकडे वळतो: बेल्जियममधलं तीनेन. देऊळ लाकडामातीचं होतं, जवळजवळ काही उरलं नाही. पण १९९८ मध्ये त्याच्या शेजारचे खड्डे खणले गेले आणि त्यांत तिसऱ्या शतकातल्या एकाच मेजवानीचा कचरा निघाला. किमान २८५ कोंबड्या (बहुतेक कोंबडे), १४ कोकरं, १० डुकराची पिल्लं, शिवाय वाम मासे. सोबत फोडून टाकलेली भांडी.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या. पहिली मोजण्याची. २८५ ही हाडांची संख्या नव्हे. एका कोंबडीला डावी मांडी एकच, म्हणून एकाच बाजूचं एकच हाड मोजायचं. येणारा आकडा हा ‘किमान इतके प्राणी’ असा असतो. दुसरी गोष्ट ऋतूची. कोकरं आणि पिल्लं वसंतात जन्मतात. दातांवरून आणि हाडांच्या जुळण्यावरून कापतानाचं वय कळलं की महिना कळतो. तीनेनमध्ये तो जूनअखेर ते जुलैची सुरुवात असा आला, म्हणजे सूर्याच्या दक्षिणायनाच्या आसपास. इतकं मांस शंभराहून जास्त माणसांना पुरेल. ती त्या छोट्या देवळात मावणं शक्य नाही, म्हणजे पंगत बाहेर बसली होती. ‘गुप्त पंथ’ या शब्दावर पुन्हा विचार करायला लावणारा हा पुरावा आहे. दीक्षा गुप्त असेल, पण पंगत शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसत होती.

जुन्या उत्खननांत हे सगळं का निसटलं? कारण खोदणारे थेट कोनाड्याकडे जात, मूर्ती काढत आणि वाटेवरची काळी माती बाहेर फेकत. आता ती माती चौरस पाडून वेगवेगळी उचलतात, बारीक जाळीच्या चाळणीतून ओली चाळतात, आणि थोडी पाण्यात ढवळून वर तरंगणारे जळके दाणे, टरफलं, कोळसा वेगळा करतात. कोंबडीच्या पायाची हाडं आणि माशांचे काटे हाताने वेचताना दिसतच नाहीत. बैल शोधायला गेलेल्यांना कोंबड्या सापडल्या त्या अशा. खरोखरचा बैल आत आणून मारणं त्या अरुंद वाटेवर अशक्यच होतं.

माधवी_के

खापरतुकडा, फार छान. दुरा-युरोपोसच्या भिंतीवर खर्चाचा हिशेबही खरडलेला आहे: मांस, लाकूड, पाणी, दारू. हाडं आणि हिशेब एकमेकांना दुजोरा देतात.

सात पायऱ्यांबद्दल कोणी लिहील का? कावळा, सिंह वगैरे नावं ऐकली आहेत.

सांजवात

क्रम असा: कोराक्स (कावळा), निंफुस (वर), मिलेस (सैनिक), लेओ (सिंह), पेर्सेस (पर्शियन), हेलिओद्रोमुस (सूर्याचा धावक) आणि पातेर (पिता). हा क्रम संत जेरोम या ख्रिस्ती लेखकाच्या एका पत्रात येतो, आणि ओस्तियातल्या फेलिचिस्सिमुसच्या मिथ्रियममध्ये जमिनीवरच काढलेला आहे. मधल्या वाटेवर काळ्या-पांढऱ्या मोझेइकची शिडी, प्रत्येक चौकटीत एका पायरीची चिन्हं. सिंहाच्या चौकटीत निखारे उचलायचं फावडं आणि वज्र, सूर्यधावकाच्या चौकटीत मशाल, चाबूक आणि किरणांचा मुकुट. रोममधल्या सांता प्रिस्का चर्चखालच्या मिथ्रियममध्ये भिंतीवर प्रत्येक पायरीला एकेका ग्रहाचं रक्षण दिलंय: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, चंद्र, सूर्य, शनी. तिथेच एका खरडलेल्या ओळीत पहाटे ‘जन्म’ झाल्याची तारीख आहे, २० नोव्हेंबर २०२. दीक्षेचा दिवस म्हणून ती वाचली जाते.

दीक्षेत काय करत? कापुआच्या ओट्यांच्या दर्शनी बाजूंवर चित्रं आहेत: नागवा, डोळे बांधलेला माणूस, त्याला मागून धरणारा सहायक, गुडघ्यावर बसवलेला, जमिनीवर पाडलेला. जर्मनीत माइन्झला १९७६ मध्ये बांधकामाच्या खोदाईत एक मिथ्रियम जवळजवळ नष्ट झालं, पण खापरं वाचली. ती जुळवून झालेल्या मोठ्या पेल्यावर ‘पिता’ नवख्यावर धनुष्य रोखून बसलाय. चित्र आणि पेला या दोन वेगळ्या प्रांतांतल्या, वेगळ्या हातांच्या वस्तू आहेत, म्हणून एकत्र ठेवल्यावर त्यांचं वजन वाढतं.

प्रत्येक जण सातही पायऱ्या चढत असे, हे मात्र गृहीत धरू नये. लेखांत ‘पिता’ आणि ‘सिंह’ वारंवार येतात, बाकीचे तुरळक.

माधवी_के

आभार. आणि हे लोक होते कोण? फक्त सैनिक?

नाणेघाट

सैनिक खूप, पण फक्त तेच नाहीत. आजच्या स्लोव्हेनियातल्या प्तुईला जकात खात्याच्या गुलामांनी मिथ्रियम काढलं. रोमच्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी एक अल्किमुस नावाच्या गुलाम कारभाऱ्याने अर्पण केली आहे. स्त्रिया मात्र सदस्यांच्या याद्यांत आढळत नाहीत.

या प्रश्नाला सगळ्यात जिवंत उत्तर देणारी वस्तू म्हणजे ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टजवळ, विरुनुम इथे, १९९२ साली मिळालेला कांस्यपट. कोसळलेलं देऊळ स्वखर्चाने पुन्हा बांधणाऱ्या ३४ जणांची नावं त्यावर आधी कोरली. त्यातल्या पाच नावांसमोर मृत्यूची खूण आहे, आणि पटावर नोंद आहे की २६ जून १८४ रोजी मंडळी ‘मृत्यूंच्या कारणाने’ जमली. त्या दशकांत साम्राज्यभर मोठी साथ चालू होती. त्यानंतर वर्षामागून वर्ष नव्या सदस्यांची नावं वाढत गेली, शेवटी ९८. अक्षरांचं वळण बदलतं, ओळी दाटत जातात. तारीखही बघा: पुन्हा जूनचा शेवट, तीनेनसारखाच.

दीपमाळ

उजेडाचा मुद्दा राहिला. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा कुठे ठेवायचा हे ठरवून केलेलं असे. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरच्या कॅरोबरा इथे तीन वेद्या मिळाल्या. त्यातल्या एकीवर किरणांचा मुकुट घातलेला देव आहे, आणि किरण आरपार कोरलेत. दगड मागून पोखरलाय. तिथे दिवा ठेवला की अंधारात फक्त मुकुट पेटलेला दिसे. आजच्या इस्रायलमधल्या सीझरियाला तर छतातल्या भोकातून उन्हाळी अयनाच्या सुमारास ऊन आत उतरतं.

कॅरोबरा दलदलीत आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात जमीन खचून वेद्यांची टोकं वर दिसली, १९५० मध्ये इयन रिचमंड आणि जॉन गिलम यांनी खणलं. पाण्याने हवा अडवल्यामुळे एरवी कुजून जाणारं टिकलं: ओट्यांना लावलेल्या विणलेल्या काटक्या, खांबांचे बुंधे. धूपासाठी जाळलेल्या पाइनच्या बोंडांचा कोळसाही मिळाला. असं ओलं लाकूड उघडं पडलं की दिवसांत तडकतं, म्हणून जागेवर खांबांच्या सिमेंटच्या प्रतिकृती आहेत. मूळ वेद्या न्यूकॅसलच्या संग्रहालयात.

गारगोटी

लंडनचं मिथ्रियम हलवलं होतं ना?

दीपमाळ

दोनदा. डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना १९५४ मध्ये वॉलब्रुकजवळ, युद्धात बाँब पडलेल्या जागेवर ते सापडलं. इ. स. २४० च्या सुमाराचं, सुमारे १८ बाय ८ मीटर, दोन्हीकडे सात-सात खांब. १८ सप्टेंबरला मिथ्रसचं संगमरवरी मस्तक निघालं आणि बघायला हजारोंच्या रांगा लागल्या. जागेवर इमारत व्हायची होती, म्हणून दगड काढून साठवले आणि १९६२ मध्ये शंभरेक मीटरवर, रस्त्याच्या पातळीला, पुन्हा रचले.

ती रचना फसली. सिमेंटचा आधुनिक गारा वापरला. मूळ जमीन माती-लाकडाची असताना वेड्यावाकड्या फरशा बसवल्या. आणि जमिनीखाली उतरायचं देऊळ उघड्यावर आल्यामुळे ते नक्की कशासाठी होतं हेच कळेनासं झालं. २०१७ मध्ये दगड पुन्हा सोडवून मूळ जागेजवळ, आजच्या रस्त्याच्या सुमारे सात मीटर खाली मांडले. या वेळी चुन्याचा गारा, १९५४ ची छायाचित्रं आणि मोजमापं हाताशी, अंधार आणि बेताचा उजेड.

अश्विनौ

शेवट कसा झाला? ख्रिस्त्यांनी सगळी फोडली असं वाचलं होतं. आणि २५ डिसेंबर हा मिथ्रसचा जन्मदिवस?

खापरतुकडा

२५ डिसेंबर आधी: ३५४ सालच्या रोमन पंचांगात त्या दिवशी ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आहे. तो सोल इन्विक्तुस या सूर्यदेवाचा सार्वजनिक सण. मिथ्रियममध्ये त्या दिवशी काही होत असल्याचा पुरावा नाही. तसंच, खड्ड्यात उभं राहून बैलाच्या रक्ताने न्हाण्याचा विधी महामातेच्या (सिबेली देवीच्या) पंथाशी जोडला जातो, मिथ्रसच्या नाही.

शेवट जागेजागी वेगळा. सांता प्रिस्काच्या चित्रांवर कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट आहेत, आणि सुमारे ४०० साली खोली भरून टाकून वर चर्च आलं. रोमचा नगरप्रमुख ग्राख्खुस याने ३७० च्या दशकात एक मिथ्रियम मोडल्याचं जेरोम लिहितो. दुरा-युरोपोसला मात्र ख्रिस्त्यांचा संबंध नाही: २५६ च्या सुमारास वेढ्याच्या तयारीसाठी तटालगतच्या इमारती मातीने बुजवल्या, आणि त्यामुळेच चित्रं वाचली. ती आता येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. लंडनला मूर्ती जमिनीखाली जपून पुरलेल्या होत्या. म्हणून फुटलेलं शिल्प दिसलं की आधी तुकडे कुठे आहेत ते बघायचं. चेहरा मुद्दाम ठेचलाय आणि तुकडे खोलीभर विखुरलेत, तर हल्ला. छताचे दगड तुकड्यांच्या वर आहेत आणि फुटण्याच्या कडा ताज्या, तर छत कोसळलं. तुकडेच नाहीत, तर चुनाभट्टीत गेले असण्याची शक्यता.

सांजवात

रोमला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. सान क्लेमेंते आधी करा, कारण बाराव्या शतकाचं चर्च, खाली चौथ्या शतकाचं, त्याखाली मिथ्रियम हे थर पायऱ्या उतरताना पायाला कळतात. तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज येईल. मिथ्रियम पाण्याखाली जाई, म्हणून १९१२ ते १४ मध्ये मोठा निचऱ्याचा बोगदा काढला. सांता प्रिस्का रोज उघडं नसतं, आगाऊ नोंदणी लागते. ओस्तियाला पूर्ण दिवस द्या. फेलिचिस्सिमुसची शिडी आणि ‘सात गोल’वालं मिथ्रियम (वाटेवर सात अर्धवर्तुळं, ओट्यांच्या दर्शनी बाजूंवर राशी) ही दोन चुकवू नका. मोझेइकवर हिवाळ्यात कधी कधी संरक्षक आच्छादन घालतात, तेव्हा वसंत किंवा शरद बरा. छोटी विजेरी सोबत असू द्या.